गुंजभर लेप : कातणाऱ्या हत्यारांवरील पातळ थरांची कुळकथा

स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाकडून लेख मागितला म्हणजे तो कार्ले-भाज्यांच्या लेण्यांवर किंवा धम्मक्रांतीच्या एखाद्या पर्वावर असणार, अशी वाचकांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. लेण्यांचा उल्लेख पुढे येईलच. परंतु या वेळी आम्ही जो विषय निवडला आहे तो आपल्या शाळेच्या कुंपणापलीकडचा, रोजच्या पाहण्यातला आणि तरीही न पाहिलेला असा आहे. लोखंड कातणाऱ्या हत्याराच्या धारेवर दिलेला, डोळ्यांना केवळ रंग म्हणून दिसणारा, दोन-तीन मायक्रॉन जाडीचा लेप हा तो विषय होय.

तळेगाव स्टेशनकडून इंद्रायणी ओलांडून आंबीकडे यावे, तो भाताची खाचरे संपतात आणि औद्योगिक वसाहतीचे पत्र्याचे छत सुरू होते. आंबी, नवलाख उंबरे, तळेगाव, पलीकडे चाकण, खाली भोसरी आणि पिंपरी असा हा सलग पट्टा मोटारी, अर्थमूव्हिंगची यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग घडवण्यात गुंतलेला आहे. यातील जवळजवळ प्रत्येक भाग ओतीव किंवा घडीव अवस्थेत खडबडीत येतो आणि लेथवर, सीएनसीवर, व्हीएमसीवर कातून, भोक पाडून, आटे पाडून मापात आणला जातो. हे काम करणाऱ्यांत आपल्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आहेत. कोणी ऑपरेटर आहे, कोणी सेटर, कोणी गुणवत्ता तपासणीत. पुष्कळ जण कंत्राटी आहेत. भेटीस आले की ते यंत्राच्या गोष्टी सांगतात, पण ज्या टोकाने धातू प्रत्यक्ष कापला जातो, त्या नखाएवढ्या इन्सर्टविषयी विचारले तर बहुतेकांचे उत्तर एवढेच असते : "सर, सोनेरीवाला स्टीलला लावायचा, काळा दुसऱ्याला, संपला की कोपरा फिरवायचा." उत्तर चुकीचे नाही. मात्र या सोनेरी आणि काळ्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ज्याच्या हातात ते हत्यार आहे त्यालाच कोणी सांगितलेला नाही, ही बाब आम्हांस खटकते.

प्रथम झीज म्हणजे काय ते पाहू. धातू कापला जातो तेव्हा सुरीने भाजी चिरल्यासारखे काही घडत नाही. हत्याराची धार धातूला पुढे दाबते, त्याचे थर एकमेकांवरून घसरतात आणि कीस सुटून हत्याराच्या वरच्या पृष्ठावरून घासत निघून जातो. या रेटारेटीत प्रचंड उष्णता निर्माण होते. तिचा मोठा भाग किसाबरोबर निघून जातो, म्हणून तर स्टीलचा कीस निळा-जांभळा होऊन पडतो. परंतु जो भाग धारेशी उरतो तोही हत्यार आणि कीस यांच्या सांध्यात सहाशे ते हजार अंश सेल्सिअस तापमान आणण्यास पुरेसा असतो. अशा स्थितीत हत्याराचा नाश एकाच मार्गाने होत नाही. धातूतील कठीण कण धारेला खरवडतात. मऊ, चिकट धातू धारेवर साचून बसतो आणि सुटताना हत्याराचा कण घेऊन जातो. जास्त तापमानाला हत्यारातील कार्बन आणि इतर मूलद्रव्ये सरळ वाहत्या किसात विरघळू लागतात व पृष्ठावर खळगा पडतो. हवेतील प्राणवायू तापलेल्या धारेला गंजवतो. आणि थंड-गरम, थंड-गरम अशा धक्क्यांनी बारीक भेगा जातात. हत्याराच्या बाजूवरील झिजेचा पट्टा सुमारे ०.३ मिलिमीटर झाला की हत्याराचे आयुष्य संपले, असे मानण्याचा प्रघात आहे. नख कापताना उरते तेवढे हे माप. पण त्यापुढे जॉबचे माप हलते, पृष्ठ खरबरीत होते आणि केव्हातरी टोकच उडते.

झीज हा शब्द लिहिताना संयुत्त निकायातील वासिजट सुत्ताची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेथे तथागतांनी सुताराच्या वाकसाच्या दांड्याचा दृष्टान्त दिला आहे. दांड्यावर बोटांचे आणि अंगठ्याचे ठसे उमटलेले सुताराला दिसतात. आज किती झिजले, काल किती झिजले हे त्याला सांगता येत नाही, परंतु दांडा झिजला आहे हे तो जाणतो. दृष्टान्त चित्तमलांच्या क्षयाचा आहे, यंत्रशास्त्राचा नव्हे. तथापि कारागिराच्या हातातील हत्यार इतक्या जवळून पाहिल्याखेरीज असा दृष्टान्त सुचत नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्या मावळात तर या निरीक्षणाची साक्ष दगडातच आहे. कार्ल्याच्या शिलालेखांत मामाळ या नावाने येणारा हाच तो प्रदेश. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथील बेसॉल्टच्या कड्यांत चैत्य आणि विहार खोदले गेले. कार्ल्याच्या चैत्यगृहावर धेनुकाकट येथील सामी नावाच्या, वेणुवासाच्या पुत्राचा लेख आहे. तो सुतार होता आणि प्रवेशद्वाराचे काम त्याने केले. राजे, श्रेष्ठी आणि भिक्षू यांच्या बरोबरीने एका सुताराचे नाव दगडावर टिकून राहावे, ही बौद्ध परंपरेतील श्रमप्रतिष्ठेची खूण आम्ही वर्गात मुलांना आवर्जून दाखवतो. बेसॉल्टसारखा खडक फोडताना छिन्नीचे टोक लवकर बोथट होते. ते तापवून, ठोकून, पुन्हा पाणी देऊन धार आणणारा लोहार जवळ असल्याखेरीज असे काम चालूच शकत नाही. त्याचे नाव कोठेही नाही.

त्या लोहाराकडे जी युक्ती होती तीच, थोड्या सुधारणांसह, एकोणिसाव्या शतकापर्यंत जगभर चालली. कार्बन असलेले पोलाद तापवायचे, विझवायचे, धार लावायची. या पोलादाचा दोष असा की दोनशे-अडीचशे अंशांच्या पुढे ते मऊ पडू लागते, म्हणून यंत्र सावकाश चालवावे लागे. इंग्लंडमधील रॉबर्ट मशेट याने १८६८ साली टंगस्टन मिसळलेले पोलाद काढले आणि पहिली कोंडी फुटली. दुसरी कोंडी फोडली ती अमेरिकेतील बेथलेहेम स्टील कंपनीत फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी, १८९८ ते १९०० या काळात. टंगस्टन व क्रोमियमयुक्त पोलादाला जवळजवळ वितळण्याच्या सीमेपर्यंत तापवून विझवले, तर ते लालबुंद झाल्यावरही कापत राहते, हे त्यांनी दाखवले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लाल तापलेल्या टोकाने लोखंड कातणारे ते हत्यार पाहून लोक थक्क झाले. आज आपण ज्याला एचएसएस म्हणतो, त्या हायस्पीड स्टीलचा हा जन्म होय.

या टेलर महाशयांपाशी थोडे थांबावे लागेल. धातू कातण्याचे प्रयोग त्यांनी सुमारे सव्वीस वर्षे केले आणि वेग व हत्याराचे आयुष्य यांचे गणित मांडले, जे आजही प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवले जाते. वेग वाढवला की आयुष्य त्याच प्रमाणात घटत नाही, कितीतरी अधिक घटते. कार्बाइडच्या हत्याराबाबत ढोबळमानाने सांगायचे तर वेग एक-पंचमांशाने वाढवला की आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. सुपरवायझर उत्पादन वाढवण्यासाठी फिरकी वाढवायला सांगतो आणि मग "टूल का उडाले?" म्हणून ऑपरेटरलाच विचारतो, तेव्हा तेथे हे गणित काम करीत असते. परंतु याच टेलरांनी १९११ साली कारखाना-व्यवस्थापनावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. घड्याळ लावून कामगाराच्या प्रत्येक हालचालीची मोजदाद करावी, कारागिराच्या अंगी असलेले ज्ञान काढून नियोजनाच्या कचेरीत गोळा करावे आणि कामगाराने फक्त सांगितले तेवढे करावे, अशी ती पद्धत होती. त्याच वर्षी वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रकारखान्यात ओतकाम करणाऱ्या कामगारांनी या घड्याळाविरुद्ध संप केला.

विचार करणारे डोके एकीकडे आणि राबणारे हात दुसरीकडे, ही विभागणी आपल्या समाजाला कोणी अमेरिकेतून आणून शिकवावी लागली नाही. येथे ती जन्मावर आधारलेली होती. मुंबईच्या गिरण्यांत सूतकताई खात्यात अस्पृश्य कामगारांना घेतले जाई, पण अधिक मजुरीच्या विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते. कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याचा विटाळ! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालणारी कारखाना कायद्याची दुरुस्ती त्यांच्या कारकिर्दीत झाली. तंत्रशिक्षण आणि सेवायोजन केंद्रे यांचे कामही याच खात्याकडे होते. कौशल्याच्या दारावरील कुलूप काढणे हा त्यांच्या मजूरविषयक धोरणाचा गाभा होता, असे आमचे मत आहे. म्हणूनच इन्सर्टवरच्या लेपाचा विषय आम्हांस परका वाटत नाही.

आता मूळ धागा. हायस्पीड स्टीलनंतर आले ते कार्बाइड. १९२३ च्या सुमारास जर्मनीत ऑसराम कंपनीतील कार्ल श्र्योटर याने टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टमध्ये बांधून, दाबून, भाजून अतिशय कठीण पदार्थ तयार केला. क्रुप कंपनीने तो १९२७ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत बाजारात आणला आणि नाव ठेवले 'विडिया', म्हणजे जर्मनमध्ये 'हिऱ्यासारखे'. आपल्याकडील जुने टर्नर अजूनही कोणत्याही कार्बाइडच्या टिपेला विडियाच म्हणतात; भिंतीला भोक पाडण्याच्या ड्रिललाही तेच नाव चिकटले आहे. कार्बाइडने वेग आणखी कितीतरी वाढला. पण येथे एक जुनीच अडचण नव्याने उभी राहिली. हत्यार फार कठीण केले तर ते ठिसूळ होते, धक्क्याने तुटते. चिवट केले तर लवकर झिजते. एकाच पदार्थात दोन्ही गुण पुरेपूर मिळत नाहीत.

लेपाची कल्पना या पेचातून निघाली. आतला गाभा चिवट ठेवावा आणि केवळ पृष्ठभागावर अतिकठीण, उष्णतेला न जुमानणारे कवच द्यावे. स्वीडनच्या सँडविक कंपनीने १९६९ साली टायटॅनियम कार्बाइडचा सुमारे पाच मायक्रॉनचा लेप दिलेले इन्सर्ट बाजारात आणले. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, तेव्हा पाच मायक्रॉन म्हणजे केसाचा चौदावा हिस्सा. एवढ्याशा सालीने हत्याराचे आयुष्य अनेक पटींनी वाढले. याच सँडविक समूहाचा कारखाना १९६० च्या दशकापासून आपल्या मुंबई-पुणे रस्त्यावर दापोडी येथे आहे. लोणावळा लोकलने जाणाऱ्या आपल्या पालकांपैकी कित्येकांनी तो खिडकीतून पाहिला असेल.

लेप देण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत आणि त्यांतील फरक कळला म्हणजे बाकीचे पुष्कळसे आपोआप कळते.

पहिल्या पद्धतीला कारखान्यात सीव्हीडी म्हणतात. मराठीत रासायनिक बाष्पलेपन म्हणता येईल. भट्टीत इन्सर्ट मांडून त्यांवरून टायटॅनियम टेट्राक्लोराइडची वाफ, हायड्रोजन, नायट्रोजन, मिथेन असे वायू सोडतात. सुमारे हजार अंशांवर या वायूंची तापलेल्या पृष्ठावरच रासायनिक क्रिया होऊन थर वाढत जातो. अॅल्युमिनाचा थरही अशाच रीतीने देता येतो. अॅल्युमिना म्हणजे माणिक आणि नीलम ज्या द्रव्याचे बनलेले असतात तेच द्रव्य. उष्णता अडवण्यात आणि तापलेल्या लोखंडात न विरघळण्यात ते फार वाकबगार. म्हणून स्टील कातण्याच्या नेहमीच्या इन्सर्टवर खाली टायटॅनियम कार्बोनायट्राइड, मधे अॅल्युमिना आणि सर्वांत वर टायटॅनियम नायट्राइडची सोनेरी साल अशी उतरंड असते. वरच्या सोनेरी थराचा एक उपयोग अगदी साधा आहे. वापरलेल्या कोपऱ्यावरचे सोने उडालेले दिसते आणि कोणता कोपरा संपला हे ऑपरेटरला एका दृष्टिक्षेपात कळते. आमचे विद्यार्थी सांगतात ते 'सोनेरीवाला' प्रकरण हेच.

परंतु हजार अंशांच्या भट्टीत हायस्पीड स्टीलचे ड्रिल किंवा टॅप ठेवले तर त्याला दिलेले पाणी उतरते आणि ते निकामी होते. धारदार टोकाचेही तेथे नुकसान होते. यावर उपाय म्हणून दुसरी पद्धत, पीव्हीडी म्हणजे भौतिक बाष्पलेपन, पुढे आली. लिश्टेनश्टाइन या चिमुकल्या देशातील बाल्झर्स कंपनीने १९८० च्या सुमारास या पद्धतीने सोनेरी केलेली ड्रिल आणि हॉब बाजारात रुळवली. या कंपनीचे, आजच्या ओर्लिकॉन बाल्झर्सचे, लेपनकेंद्र आपल्या भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. पुणे परिसरात अशी कामे मजुरीवर करून देणारे इतरही कारखाने आहेत. म्हणजे आंबीच्या एखाद्या शॉपमधील बोथट झालेले हॉब धार लावून भोसरीला जाते आणि काही दिवसांनी पुन्हा रंगून येते, हा व्यवहार आपल्या अवतीभवती रोज चालू आहे.

तेथे काय घडते ते पाहण्यासारखे असते. हत्यारे आधी धुतली जातात, आणि या धुण्याला लग्नाच्या भांड्यांपेक्षा अधिक कसोशी लागते. तेलाचा अंश, गंजाचा ठिपका, धार लावताना राहिलेली बारीक बर, हाताच्या बोटाचा ठसा यांपैकी काहीही राहिले तर तेथे लेप धरत नाही. मग ती फिरत्या जाळीवर मांडून निर्वात कोठीत ठेवतात. कोठीतील हवा इतकी काढून घेतात की आतील दाब बाहेरच्या दाबाच्या दहा कोटींश भागावर येतो. हत्यारे साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवतात. हायस्पीड स्टील हे सोसू शकते. त्यानंतर आर्गॉन वायूच्या विद्युतभारित कणांचा मारा करून पृष्ठ अणूंच्या पातळीवर घासून स्वच्छ केले जाते. शेवटी कोठीच्या भिंतीवरील टायटॅनियमच्या चकतीवर विजेची ठिणगी नाचवतात. वेल्डिंगचा चाप ज्याने पाहिला आहे त्याला याची कल्पना येईल. ठिणगी जेथे पडते तेथील धातूची क्षणात वाफ होते, ती विद्युतभारित होते आणि ऋण दाबावर ठेवलेल्या हत्यारांकडे वेगाने ओढली जाते. वाटेत नायट्रोजन सोडलेला असतो. दोहोंचा संयोग होऊन हत्याराच्या पृष्ठावर टायटॅनियम नायट्राइड बसू लागते, तासाला एखाद-दोन मायक्रॉन या गतीने. सोन्याचा कणही नसताना तो रंग येतो. दहा मिलिमीटर व्यासाच्या ड्रिलवरील सगळा लेप खरवडून तोलला तर तो गुंजभरही भरणार नाही.

एवढा फायदा आहे तर थर जाड का देत नाहीत, हा प्रश्न चौकस विद्यार्थी हमखास विचारील, आणि विचारलाच पाहिजे. पीव्हीडीचा थर घट्ट आवळलेल्या अवस्थेत बसतो. त्याच्या आत दाब साठलेला असतो. हा दाब एका मर्यादेपर्यंत उपकारक, कारण त्यामुळे भेग पसरत नाही. पण जाडी वाढली की तोच दाब धारेच्या कोपऱ्यावरून थराला उचकटून काढतो, जसा भिंतीवरचा जाड गिलावा कोपऱ्यातून सुटतो. शिवाय जाड थराने धार गोल होते आणि गोल धार कापण्याऐवजी रेटते. म्हणून पीव्हीडीचा थर सहसा एक ते पाच मायक्रॉन, आणि सीव्हीडीचा साधारण पाच ते वीस.

सोनेरी रंगानंतर इतर रंग आले. टायटॅनियम कार्बोनायट्राइड निळसर-करडे, अधिक कठीण, पण चारशे अंशांच्या आसपासच दमणारे. आटे पाडणाऱ्या टॅपला ते चांगले. साधे टायटॅनियम नायट्राइड सहाशे अंशांपर्यंत टिकते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टायटॅनियममध्ये अॅल्युमिनियम मिसळले जाऊ लागले आणि जांभळट-काळा लेप आला. त्याची गंमत अशी की तापल्यावर त्याच्या पृष्ठावर अॅल्युमिनाची पातळ साय आपोआप धरते आणि तीच पुढच्या गंजण्याला अडवते. हा लेप आठशे-नऊशे अंशांना दाद देत नाही. अॅल्युमिनियम-क्रोमियम नायट्राइड त्याहूनही पुढे जाते. अशा लेपांमुळे काही कामे कूलंटशिवाय, कोरडी करता येऊ लागली, आणि कूलंटचा धूर व चिकट फवारा श्वासात घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. मात्र केवळ रंगावरून लेप ओळखू नये. काळ्या रंगाचे अनेक लेप आहेत आणि त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. डबीवरचा ग्रेड वाचावा. आणि अॅल्युमिनियमचे जॉब कातायला अॅल्युमिनियमयुक्त लेप बहुधा वापरीत नाहीत, कारण सजातीय धातू धारेला चिकटून बसण्याची भीती असते. तेथे गुळगुळीत, बिनलेपाचे कार्बाइड किंवा हिऱ्यासारख्या कार्बनचा लेप बरा.

लेपाकडून अवास्तव अपेक्षाही ठेवू नयेत. बोथट हत्यार लेपाने धारदार होत नाही. खिळखिळा होल्डर, हलणारा जॉब, चुकीचा फीड यांवर लेप हा इलाज नाही. तेथे तो पहिल्याच मिनिटात उडतो आणि दोष विनाकारण लेपाला जातो. धार लावल्यावर घासलेल्या बाजूचा लेप जातोच, पन्हाळीतला मात्र राहतो, म्हणून पुन्हा धार लावलेले ड्रिल नव्याइतके नाही तरी बिनलेपाच्या ड्रिलपेक्षा चांगले चालते. महागड्या हॉबच्या बाबतीत जुना लेप रसायनाने काढून, धार लावून, नवा लेप देणे परवडते. लेप नीट धरला आहे की नाही हे तपासण्याची रीत आमच्या इतिहासाच्या मनाला फार आवडली : हिऱ्याचा अणकुचीदार सुळा ठराविक वजनाने लेपावर रोवतात आणि खड्ड्याच्या कडेला नुसत्या भेगा पडल्या की पापुद्रे सुटले, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. भेगा चालतात. पापुद्रे चालत नाहीत.

एक गोष्ट पालकांनी विशेष लक्षात ठेवावी. कार्बाइडच्या हत्याराला धार लावताना उडणारी धूळ टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्टची असते. ती वर्षानुवर्षे श्वासात गेली तर फुप्फुसाचा कायमचा विकार जडू शकतो. सुरुवातीला केवळ कोरडा खोकला येतो आणि चढण चढताना दम लागतो, म्हणून माणूस त्याकडे दुर्लक्ष करतो. पाण्याखाली धार लावणे, चाकाशेजारीच धूळ ओढून घेणारी नळी बसवणे, योग्य मुखपट्टी वापरणे आणि ठरावीक काळाने तपासणी होणे हा त्या कामगाराचा हक्क आहे. तो कंत्राटी असला तरी आहे. नाकाला रुमाल बांधणे हा उपाय नव्हे. याच कोबाल्टचा अर्ध्याहून अधिक पुरवठा आफ्रिकेतील काँगोच्या खाणींतून होतो आणि तेथे हातांनी माती उकरणाऱ्यांची स्थिती आपल्यापेक्षाही बिकट आहे, हेही नोंदवून ठेवतो.

तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात गाड्यांचे उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. पुढे तो ह्युंदाईकडे गेला. असे बदल या पट्ट्यात होत राहणार. कारखाना बदलतो तेव्हा ज्याला केवळ एका यंत्राची बटणे ठाऊक आहेत त्याची पंचाईत होते. ज्याला टूल का झिजते, कोणत्या झिजेवर वेग कमी करावा आणि कोणत्या झिजेवर ग्रेड बदलावा हे कळते, त्याला निदान बोलायला जागा असते. कंत्राटी पद्धतीचा अन्याय यामुळे दूर होत नाही. त्यासाठी संघटनाच लागते, आणि त्या प्रश्नाचा विचार या लेखात उरकण्यासारखा नाही.

याच हेतूने आम्ही माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करीत आहोत. शाळेच्या विज्ञान कक्षात झिजलेल्या हत्यारांची एक पेटी करण्याचे योजिले आहे. कार्बाइडचे भंगार वजनावर विकले जाते, त्याचा कारखान्यात हिशेब असतो. तेव्हा वरिष्ठांची परवानगी घेऊनच दोन-चार संपलेले इन्सर्ट, तुटलेले टॅप, रंग उडालेली ड्रिल आणावीत. प्रत्येक नमुन्याबरोबर चिठ्ठी असावी : कोणता धातू कातला, कोणत्या वेगाने, किती नग निघाले, आणि झीज खळग्याने झाली, चिकटण्याने झाली की टोक उडून. अक्षर कसेही असले तरी चालेल. नववी-दहावीची मुले भिंगाखाली पाहून त्यांची वर्गवारी करतील. नमुने कोणत्याही रविवारी सकाळी, वंदनेनंतर, कार्यालयात द्यावेत. पाठवताना टोके कापडात गुंडाळावीत, कारण संपलेले कार्बाइडही बोट कापण्याइतके धारदार असते.